नळाला अर्थिंग की नळाचं अर्थिंग?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. बाथरूमचा नळ झिणझिण्या देतो. काका म्हणतात, अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ-कोळसा संपलं असणार, अर्थिंग नवीन करा. धाकटा भाऊ म्हणतो, खड्डा कशाला, गीझरची हिरवी, म्हणजे अर्थची, वायर सरळ पाण्याच्या पाइपला बांधू, तो जमिनीतच तर जातो.

इंग्लंडला आलो तेव्हा मीही भावासारखाच विचार करायचो. भाड्याच्या घरात सिंकखाली स्टॉपकॉकच्या, म्हणजे घरचं पाणी बंद करायच्या व्हॉल्व्हच्या, वर पाइपला एक पट्टी आवळलेली, तिला जाडसर हिरवी-पिवळी वायर आणि 'हे काढू नका' अशी तंबी देणारा पत्र्याचा टॅग. वाटलं, घराचं अर्थिंग या पाइपमधून घेतलंय. निघालं उलटंच. वायर मेन अर्थ टर्मिनलवरून, म्हणजे घरातल्या सगळ्या अर्थच्या वायरी जिथे जोडतात तिथून, पाइपकडे आलेली, बहुतेक घरांत 10 चौरस मिलिमीटरची. हे बाँडिंग. एक हात नळाला आणि दुसरा बिघडलेल्या मशीनला लागला, तरी दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये फारसा फरक राहू नये, एवढ्यासाठी.

भावाच्या युक्तीत पाइपच अर्थिंग होतो. उद्या प्लंबरने खाली प्लास्टिकचा एक तुकडा टाकला की जमिनीशी नातं तुटलं. मग गीझरचा फॉल्ट घरातल्या प्रत्येक नळाला.

काकांचा खड्डा हवाच, पण तो एकटा पुरत नाही. सप्लायबरोबर अर्थ येत नसेल आणि खड्डा 5 ओहमचा, म्हणजे बऱ्यापैकी चांगला असेल, तरी 230 व्होल्टला फार तर 46 ॲम्पियर वाहतील. गीझरची 20 ॲम्पियरची एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच, तेवढ्याने झटकन पडत नाही. सी टाइपच्या एमसीबीला त्यासाठी निदान शंभर ॲम्पियर लागतात. तिथे 30 मिलिॲम्पियरची आरसीसीबीच हवी, म्हणजे थोडा करंट जरी अर्थकडे गळला तरी सप्लाय तोडणारा स्विच. ग्रुपवर तिचं नावही कुणी काढलं नाही.

इथे इंग्लंडमध्ये तरी सगळा शहाणपणा आहे असं नाही. बाहेरून प्लास्टिकचा पाइप आलेल्या घरातही सवयीने नळाखालचा तांब्याचा तुकडा बाँड केलेला दिसतो. तो आधी जमिनीपासून तुटलेलाच होता, आता दुसरीकडचा फॉल्ट त्याच्यापर्यंत येऊ शकतो. मोजून पाहावं: मेन अर्थपासून त्या पाइपपर्यंत 22 किलोओहमपेक्षा जास्त रेझिस्टन्स आला, तर बाँडिंग लागत नाही.

काल काकांना फोन केला. म्हटलं, गीझर आजपासून बंद, त्याचा पाणी तापवणारा एलिमेंट तपासून घ्या आणि आरसीसीबी बसवा.

"बरं. पण मीठ टाकायचं ना?"

टाका म्हटलं.