क्लब २०१४चा, खेळ शंभर वर्षांचा: लिएपायावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग रास्त आहे आणि मुद्देही नेमके आहेत, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लात्व्हियाच्या पश्चिम किनाऱ्यावर लिएपाया नावाचं बंदर आहे. तिथल्या फुटबॉल क्लबाबद्दल लिहिताना मी 'शंभर वर्षांचा क्लब' आणि 'दहा राष्ट्रीय विजेतेपदं' असं म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं, की एफके लिएपाया हा क्लब स्थापन झाला २०१४ साली, त्याचं विजेतेपद एकच, २०१५चं. उरलेली नऊ मी दुसऱ्यांची आणून त्याच्या खात्यावर जमा केली. शिवाय मधल्या काळातला क्लब, मेतालुर्ग्स, पोलादाच्या कारखान्याचा होता, त्याला 'गावाचा क्लब' म्हणणं हा निव्वळ भाबडेपणा.

आधी बेरजेचं बोलू. तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलंच. त्या दहातली सात विजेतेपदं ओलिंपिया लिएपाया या क्लबाची. १९२२ साली निघालेल्या या क्लबाने १९२७, १९२८, १९२९ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली आणि पुढच्या दहा वर्षांत आणखी चारदा. त्या काळात राजधानी रिगाच्या आरएफके या क्लबाशी बरोबरीने झुंजणारा राजधानीबाहेरचा संघ हाच. दोन विजेतेपदं, २००५ आणि २००९ची, लिएपायास मेतालुर्ग्सची. आणि एक आजच्या क्लबाचं.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की प्रश्न नुसत्या नोंदणीच्या कागदाचा नाही. मेतालुर्ग्स बंद पडला तेव्हा त्याच्यामागचा कारखाना कर्जात बुडालेला होता. नव्या क्लबाने ते ओझं घेतलं नाही, घेणं शक्यही नव्हतं. मग जुन्या घराचं कर्ज नको आणि शोकेसमधले कप तेवढे हवेत, हे कुठल्या हिशेबात बसतं? लात्व्हियात हा प्रश्न वारंवार येतो. १९९१ ते २००४ सलग १४ वेळा लीग जिंकणारा रिगाचा क्लब स्कोंतो २०१६ साली दिवाळखोरीत गेला. सहा वेळा विजेता ठरलेला वेंट्सपिल्स २०२१ साली सामनानिश्चितीच्या प्रकरणात युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, बंदीनंतर संपला. उद्या कुणी त्याच शहरांत नव्या नावाने संघ काढून जुने कप मिरवायला लागला, तर मीच पहिला आक्षेप घेईन. तेव्हा लिएपायाला वेगळा न्याय लावता येणार नाही.

पण 'शंभर वर्षं' हे शब्द मी पूर्णपणे मागे घेणार नाही. त्यामागे मैदान आहे.

लिएपायात समुद्राकाठच्या बागेला लागून एक स्टेडियम आहे, १९२५ साली बांधलेलं. ओलिंपिया तिथेच खेळायची. आज त्याचं नाव दौगावा. दौगावा ही नदी, पण ती वाहते रिगातून, लिएपायापासून दोनशे किलोमीटरवर. मग हे नाव इथे कसं आलं? सोव्हिएत काळात कामगार संघटनांची जी क्रीडासंस्था होती तिचं नाव दौगावा. १९४० साली लात्व्हिया सोव्हिएत संघाने गिळला, जुन्या संस्था मोडीत निघाल्या, आणि महायुद्धानंतर मैदानावर नवी नावं उतरली: दौगावा, सार्कनाइस मेतालुर्ग्स म्हणजे लाल पोलादकामगार, झ्वेयनिएक्स म्हणजे कोळी. ही नावं एकापाठोपाठ वाचा. सरकार कुठलं होतं आणि गाव कशावर जगत होतं ते कळायला दुसरं पुस्तक उघडावं लागत नाही. नावं वरून आली, खेळणारी पोरं मात्र त्याच गल्ल्यांतली. ओलिंपियाचा इतिहास १९४० साली बंद करून २०१४ साली नवं पान उघडायचं म्हटलं, तर मधल्या पिढ्यांनी त्या गवतावर जे केलं ते कुणाच्याच वहीत राहत नाही. तसं होऊ नये म्हणून मी लिहायला बसलो होतो. लिहिताना शब्द चुकला, एवढं मान्य.

आता कारखान्याबद्दल. इथे मात्र माझं तुमच्याशी जमत नाही.

मेतालुर्ग्स कारखान्याच्या पैशावर चालायचा हे खरं. पण तो कारखाना म्हणजे काय ते पाहा. १८८२ सालचा. बाल्टिक देशांतला पोलाद बनवणारा तेव्हाचा एकमेव. भंगार वितळवायचं आणि त्याच्या सळया काढायच्या, आपल्याकडे स्लॅबच्या आधी बांधतात तशाच. शहरात असं घर शोधावं लागेल ज्याचा त्या भट्टीशी काहीच संबंध आला नाही. अशा ठिकाणी कारखान्याचा संघ कोणता आणि गावाचा कोणता, ही रेघ बाहेरून ओढणं सोपं आहे. २००५ साली स्कोंतोची १४ वर्षांची सद्दी मोडली ती याच संघाने. स्वातंत्र्यानंतर लीगचा कप पहिल्यांदा रिगाबाहेर गेला.

त्याच आधाराने पुढे घात केला, हेही लिहायला हवं होतं, ते मी एका वाक्यात उरकलं. कारखान्याने जुन्या भट्ट्या काढून विजेच्या ठिणगीवर चालणारी भट्टी बसवली. ग्राफाइटचे जाडजूड इलेक्ट्रोड वरून भंगारात उतरतात आणि त्यांच्या ठिणगीने लोखंडाचं पाणी होतं. त्यासाठी घेतलेल्या कर्जाला सरकारची हमी होती. २०१३ साली हप्ते थकले, हमीचे पैसे सरकारला भरावे लागले, कारखाना दिवाळखोरीत गेला आणि तो हंगाम संपल्यावर क्लबही संपला. पुढे एका युक्रेनी कंपनीने कारखाना विकत घेतला, तोही २०१६ साली पुन्हा बुडाला. क्लब मात्र नव्या नावाने २०१४ साली त्याच स्टेडियमवर उभा राहिला आणि दुसऱ्याच हंगामात लीग जिंकला. भट्टी विझली तरी खेळ थांबला नाही. निव्वळ कारखान्याचं खेळणं असतं, तर हे झालं नसतं.

एका माणसाबद्दल लिहितो आणि थांबतो. मारिस वेर्पाकोव्स्किस. जन्म १९७९, लिएपायाचाच, मेतालुर्ग्समधून वर आलेला. नोव्हेंबर २००३ मध्ये युरो स्पर्धेच्या प्लेऑफमध्ये समोर तुर्कस्तान, आदल्याच वर्षी विश्वचषकात तिसरा आलेला. रिगात लात्व्हिया १-० जिंकला, गोल याचा. इस्तंबूलमध्ये २-० मागे पडल्यावर बरोबरी साधली, दुसरा गोल याचा. मग २००४ साली पोर्तुगालमध्ये मुख्य स्पर्धेत चेक प्रजासत्ताकाविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर त्याचा सहकारी प्रोहोरेंकोव्स डावीकडून धावत गेला, चेंडू खालून आत ढकलला आणि वेर्पाकोव्स्किसने तो जाळ्यात घातला. सामना पुढे १-२ हरले, पण युरोच्या मुख्य स्पर्धेतला लात्व्हियाचा तो आजवरचा एकमेव गोल. हाच माणूस कारकिर्दीच्या शेवटी एफके लिएपायाकडून खेळला आणि नंतर त्या क्लबाचा अध्यक्ष झाला. तो ज्या क्लबातून निघाला आणि ज्या क्लबात परतला, ते कागदोपत्री दोन वेगळे क्लब आहेत. मैदान एकच.

मूळ लेखातला तक्ता आज दुरुस्त केला आहे. ओलिंपिया ७, मेतालुर्ग्स २, एफके लिएपाया १, अशा तीन वेगळ्या ओळी आहेत, खाली बेरीज नाही. 'शंभर वर्षांचा क्लब' खोडून 'शंभर वर्षांचा खेळ' असं केलं आहे. आणि कारखान्याच्या कर्जाचा भाग, जो आधी एका वाक्यात होता, तो आता पूर्ण परिच्छेद आहे.