बराकपूर, १८२४ : हुकूम समुद्राचा नव्हताच

१८५७ च्या उठावाची पूर्वपीठिका सांगताना एक विधान वर्षानुवर्षे पुढे सरकत आले आहे. शालेय इतिहासात, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत आणि आता मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांतही ते जवळजवळ त्याच शब्दांत आढळते : ‘१८२४ मध्ये बराकपूरच्या शिपायांना समुद्रमार्गे ब्रह्मदेशात लढायला जाण्याचा हुकूम झाला, समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो म्हणून त्यांनी नकार दिला, खुश्कीच्या मार्गाने जाण्याची मात्र त्यांची तयारी होती, शेवटी त्यांनी बंड केले आणि ते मोडून काढण्यात आले.’ काही जण यावरून शिपायांच्या अंधश्रद्धेला बोल लावतात, तर काही त्यांच्या धर्मनिष्ठेचा गौरव करतात. दोघांनीही एकच कथा खरी मानली आहे, आणि तिच्यातील एकेक विधान तपासले तर ती टिकत नाही.

पहिले विधान हुकमाचे. मथुरेहून सुमारे हजार मैलांची मजल मारून बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या (ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदी शिपायांच्या पायदळाच्या) २६, ४७ आणि ६२ क्रमांकाच्या पलटणी कलकत्त्याजवळच्या बराकपूर छावणीत आल्या होत्या. त्यांना पुढे जायचे होते ते चितगावला, आणि तेही पायी. नाफ नदीच्या मुखाजवळच्या शाहपुरी बेटावरून कंपनी आणि ब्रह्मदेशाचे राज्य यांच्यात तंटा पेटला होता. नदीच्या अलीकडे चितगाव आणि पलीकडे अराकान अशी ती सरहद्द होती. मार्च १८२४ मध्ये युद्ध जाहीर झाले आणि मे महिन्यात चितगाव भागातील रामू येथे कॅप्टन नोटन यांची तुकडी ब्रह्मी सैन्याने जवळजवळ नष्ट केली. ही बाजू सावरण्यासाठी बराकपूरच्या पलटणी हव्या होत्या. समुद्रमार्गाने गेले ते सैन्य वेगळे होते. ते अंदमानातील पोर्ट कॉर्नवॉलिसला गोळा होऊन ११ मे रोजी रंगूनला उतरले आणि त्यात मद्रासच्या नेटिव्ह पलटणींचा भरणा मोठा होता. ‘खुश्कीच्या मार्गाला तयार होते’ हे वाक्य त्यामुळे मुळातच उलटे आहे, कारण वाद झाला तोच खुश्कीच्या कूचावरून.

दुसरे विधान कारणाचे, आणि येथे थोडे थांबावे लागते, कारण खरी हकिकत येथेच दडलेली आहे. बंगालच्या शिपायाचा मूळ पगार महिन्याला सात रुपये होता. त्यात त्याला स्वतःचे पोट भरायचे, घरी पैसे पाठवायचे आणि कूच असेल तेव्हा आपल्या खाजगी सामानासाठी स्वतःच्या खर्चाने बैल मिळवायचा असे. हे सामान म्हणजे चैन नव्हती. तवा, लोटा, पातेले, पीठ आणि अंथरूण एवढाच तो पसारा. बंगालच्या सैन्यात अवध आणि बिहारकडील ब्राह्मण-राजपूत शिपाई पुष्कळ होते आणि ते आपापली चूल वेगळी मांडत. सामाईक भटारखाना त्यांच्यात चालत नसे. म्हणजे प्रत्येकाला स्वतःची भांडी बरोबर न्यावीच लागत, आणि ती पाठपिशवीत मावत नसत. धर्माचा आणि या प्रकरणाचा सर्वांत ठोस संबंध शोधायचा असेल तर तो समुद्रात नाही, या भांड्यांच्या गाठोड्यात आहे.

नेमके याच वेळी बैल मिळेनासे झाले. रंगूनच्या मोहिमेसाठी आणि सरहद्दीवरील तुकड्यांसाठी सरकारने बंगालमधील जनावरे आधीच उचलली होती. जी उरली ती मरतुकडी होती आणि त्यांचे दर शिपायाच्या आवाक्याबाहेर गेले होते. त्यातच जुन्या पाठपिशव्या झिजलेल्या होत्या आणि नव्यांचे पैसे त्यांच्याच पगारातून कापले जाणार होते. शिपायांनी मागितले ते एवढेच : एकतर सरकारने बैल द्यावेत, नाहीतर बैल परवडतील असा दुप्पट भत्ता द्यावा. त्यांना उत्तर मिळाले की बैल पुरवणे हे सरकारचे काम नाही. ४७ व्या पलटणीचे कर्नल कार्टराईट यांनी स्वतःच्या पैशातून मदत देऊ केली, सरकारनेही काही रक्कम आगाऊ देण्याचे मान्य केले. पण तोवर विश्वास उडाला होता. पलटण परेडला उभी राहिली ती पाठपिशव्या न घेताच. सैन्यात याला बेशिस्त म्हणतात आणि ती होतीही. मात्र या बेशिस्तीआधी अर्ज-विनंत्या होऊन गेल्या होत्या, ही गोष्ट फिरणाऱ्या संदेशांतून साफ गळून पडते.

आता दाव्याच्या बाजूने जे खरोखर सांगता येते तेही नोंदवले पाहिजे. शिपायांनी सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट यांना दिलेल्या अर्जात जहाजाचा उल्लेख आहे. पुढे आपल्याला जहाजावर चढवून रंगूनला नेले जाईल असे त्यांच्या कानावर आले होते, आणि गंगाजल व तुळस हाती घेऊन आपण जहाजावर पाय ठेवणार नाही अशी शपथ त्यांनी घेतल्याचे त्यात येते. तेव्हा समुद्राची भीती त्यांच्या मनात होती, यात वाद नाही. परंतु कानावर आलेली गोष्ट आणि हाती पडलेला हुकूम यांत फरक असतो. ही अफवा त्यांना खरी का वाटली असावी, हेही पाहावे लागते. माझ्या मते, ज्या सरकारने बैलांच्या साध्या मागणीला दाद दिली नाही, ते उद्या चितगावहून जहाजात कोंबणार नाही याची खात्री त्यांना वाटण्यासारखे काहीच उरले नव्हते. रामूच्या बातमीने धास्तीही पसरली होती, हे खरे. पण केवळ भित्रेपणाने पाय मागे घेणारा माणूस आधी बैलांचा आणि भत्त्याचा हिशेब मांडत बसत नाही. हिशेब जमत नाही असे दिसल्यावर मग त्यांनी आपली नावे कमी करून घरी जाऊ देण्याची मागणी केली.

हिंदू शिपाई समुद्र ओलांडायला सरसकट नाहीच म्हणत असत, हे गृहीतही चुकीचे आहे. मुंबई इलाख्याच्या सैन्यात कोकण आणि देशावरील मराठे, महार आणि इतर जातींचे शिपाई होते. १८०१ मध्ये इजिप्तला आणि १८२१ मध्ये ओमानातील बनी बू अलीच्या मोहिमेवर मुंबईच्या नेटिव्ह पलटणी जहाजानेच गेल्या. खुद्द बंगालच्या सैन्यातूनही १८११ च्या जावा मोहिमेसाठी स्वयंसेवक निघाले होते. नोकरीच्या अटी आणि स्वखुशी यांवर ही गोष्ट अवलंबून असे. बंगालच्या बहुतेक पलटणींच्या अटींत समुद्रापारची चाकरी नव्हती, म्हणून त्यांना तसा हुकूम देणे कंपनीला अवघड होते.

‘बंड’ या शब्दाबद्दल. १ नोव्हेंबरला ४७ वी पलटण हटून उभी राहिली, आणि इतर दोन पलटणींतील काही शिपाई तिला येऊन मिळाले. पॅजेट कलकत्त्याहून गोऱ्या पलटणी आणि तोफा घेऊन आले. २ नोव्हेंबरच्या सकाळी शिपायांना हुकूम मानण्यास किंवा शस्त्रे खाली ठेवण्यास सांगण्यात आले आणि त्यांनी ते मानले नाही. तेव्हा पिछाडीला ठेवलेल्या तोफांनी त्यांच्यावर मारा सुरू केला. शिपाई उभ्या जागेवरून उधळले आणि हुगळीच्या दिशेने पळाले. पळताना काही मारले गेले, काही नदीत बुडाले. मागे पडलेल्या बंदुका तपासल्या तेव्हा त्या बहुतेक भरलेल्याच नव्हत्या, असे आढळले. ज्यांनी बंदुकीत गोळी घातली नव्हती ते त्या सकाळी लढायला उभे होते असे मला म्हणवत नाही. पुढे कित्येकांना फाशी झाली, कित्येकांना बेड्या घालून रस्त्यांच्या कामाला जुंपले गेले, ४७ हा क्रमांकच सैन्याच्या यादीतून काढून टाकण्यात आला, आणि पुढारी मानल्या गेलेल्या बिंदा तिवारीचे प्रेत साखळदंडात टांगून ठेवण्यात आले. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने योग्य होती की नाही याबद्दल इंग्लंडमध्येही एकमत नव्हते. ब्रिटिश खासदार जोसेफ ह्यूम यांनी १८२७ मध्ये हा विषय संसदेत काढला होता.

मग समुद्राची कथा आली कोठून? माझ्या मते येथे दोन प्रसंगांची सरमिसळ झाली आहे. १८५२ मध्ये, दुसऱ्या ब्रह्मी युद्धाच्या वेळी, बंगालच्या ३८ व्या पलटणीने रंगूनला जाण्यासाठी जहाजावर चढण्यास खरोखरच नकार दिला होता. जमिनीवरून जाण्यास तिचा विरोध नव्हता. गव्हर्नर-जनरल डलहौसी यांनी तिच्यावर तोफा डागल्या नाहीत, तिला खुश्कीच्या मार्गाने पूर्वेकडे रवाना केले. १८२४ च्या नावावर आज जे वाक्य फिरते ते या पलटणीला नेमके लागू पडते. या नकारानंतर चार वर्षांनी, १८५६ मध्ये, पुढचे गव्हर्नर-जनरल कॅनिंग यांच्या कारकिर्दीत नव्या भरतीसाठी समुद्रापारची चाकरी बंधनकारक करणारा कायदा झाला. तोवर तशा सर्वत्र चाकरीच्या अटीवर भरती केलेल्या पलटणी बंगालच्या सैन्यात सहाच होत्या.