मेस्त, बाटलीबद्दल तुमचंच बरोबर. इलेक्ट्रिक पंपाबद्दल नाही

मेस्त, नमस्कार.

तुम्ही नाव न लिहिता खाली नुसतं 'म्हापशाचा जुना मेस्त' असं टाकलंत, म्हणून मीही मेस्तच (आमच्याकडे मेकॅनिकला म्हणतात तसं) म्हणतो. माझ्या १९९६ च्या मारुती ८०० च्या कार्बोरेटरला (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पेट्रोल नीट पोचत नव्हतं, त्याची कथा मी मागच्या लेखात लिहिली होती. त्यावरची तुमची प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देतो: 'मास्तर, खडू धरा, पाना नको. तीनदा कार्बोरेटर खोललात म्हणजे रोग कळलाच नव्हता. बॉनेटला पेट्रोलची बाटली टांगल्याचा फोटो टाकून पोरांना जळायला शिकवता. इलेक्ट्रिक पंप बसवला असता तर एका दिवसात काम संपलं असतं. चढावर बंद पडते एवढ्यावरून कुठलाही मेस्त रोग ओळखेल. टाकीची भोकं घरी गॅसने डाग देऊन बुजवणं म्हणजे वेडेपणा. ई-२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) खापर फोडणं ही आता फॅशन झालीय. आणि गोव्याच्या हवेत सडलेला डबा भंगारातच शोभतो.'

बाटलीपासून सुरुवात करतो, कारण तिथे मला तोंडच नाही. फोटो काढून टाकलाय. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून हातभर अंतरावर, धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर, शीतपेयाच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल आणि खाली इंजिन चालू. उणे चाळीस अंशालासुद्धा पेटण्याइतकी वाफ सोडणारा हा पदार्थ आहे, आणि मी तो फोंड्यातल्या मे महिन्यात उघड्या तोंडाच्या बाटलीत टांगला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने असं केलं असतं तर त्याला वर्गाबाहेर उभा केला असता.

पण त्या बाटलीची आणखी एक गोची होती, जी तुमच्याही नजरेतून सुटली. तिने मला खोटं उत्तर दिलं. बाटली वर, पंप खाली. पेट्रोल वजनानेच उतरत होतं, पंपाला ओढायचं कामच उरलं नव्हतं. गाडी छान चालली आणि मी निदान केलं की पंप कमजोर आहे. नवा पंप आणला, बसवला, दुसऱ्या दिवशी फर्मागुढीच्या चढावर गाडी पुन्हा बंद.

नंतर तीच चाचणी उलटी केली. पाच लिटरचा झाकणाचा कॅन जमिनीवर, गाडीपासून दोन हात लांब, अंगणात उघड्यावर. झाकणाच्या भोकातून नळी थेट पंपाच्या तोंडाला. शेजारी अग्निशामक नळकांडं आणि वाळूची बादली, आणि दोन्ही सांभाळायला भाचा. आता पंपाला खालून वर ओढणं भाग होतं. मी जुनाच पंप परत बसवून बघितलं. वीस मिनिटं इंजिनाने एक उचकी दिली नाही. म्हणजे पंप निर्दोष, कार्बोरेटर निर्दोष. गुन्हेगार पंपाच्या मागे, टाकीकडे. ही चाचणी पहिल्या दिवशी केली असती तर तुम्हाला प्रतिक्रिया लिहायचे कष्ट पडले नसते.

तीनदा कार्बोरेटर खोलल्याचंही कबूल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. मात्र तसं का झालं ते सांगतो, कारण अशी गाडी घेऊन बसलेला प्रत्येक जण याच खड्ड्यात पडतो. कार्बोरेटर साफ केला की गाडी खरंच सुधारायची. पहिल्यांदा फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या, तळाशी विटेच्या भुकटीसारखा गाळ निघाला, जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांतून) सुई न घालता हवा मारली, सगळं जोडलं, चार दिवस गाडी सुरेख. चार दिवसांचा आराम हेच वाईट औषध. तो मिळाला नसता तर मी दुसरीकडे बघितलं असतं. फिल्टरच्या कागदातूनही निसटेल इतकी बारीक भुकटी मागून येतच होती. मी रोज अंगण झाडत होतो आणि वरून छप्पर गळत होतं.

लक्षण असं होतं: सपाटीवर काही त्रास नाही. दुसऱ्या गिअरमध्ये चढ लागला की आधी धक्के, मग गाडी गप्प. पाच मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू. तुम्ही लिहिलंत की एवढ्यावरून कुठलाही मेस्त ओळखेल. ओळखेलही, पण हेच लक्षण दोन वेगळे रोग देतात. एक, टाकीच्या झाकणाचा श्वास कोंडलेला. पेट्रोल जातं, त्या जागी हवा येत नाही, आत पोकळी तयार होते आणि पंप तिच्याशी झगडत बसतो. दुसरा, टाकीतल्या ओढनळीच्या जाळीवर गंजाचे पापुद्रे. पावसात मोरीच्या जाळीवर फणसाची पानं बसतात ना, तसं. पाण्याची ओढ असेपर्यंत पान घट्ट चिकटून राहतं, ओढ थांबली की आपणहून सुटतं. फरक ओळखायला पैसे लागत नाहीत. गाडी बंद पडल्या क्षणी टाकीचं झाकण उघडायचं. 'फुस्स' झालं तर झाकण, नाही झालं तर जाळी. माझ्याकडे फुस्स नव्हतं.

आता तुमच्या इलेक्ट्रिक पंपाकडे येतो. इथे मी हटणार नाही.

या गाडीचा मूळ पंप पुढे इंजिनावर बसतो, इंजिनातल्या कॅमशाफ्टच्या धक्क्यावर हलणाऱ्या पडद्याचा (डायफ्रॅमचा). टाकी पार मागे. मधली सगळी पत्र्याची नळी तो ओढीखाली ठेवतो. माझी ती नळी फरशीखाली क्लिपांच्या जागी खाल्ली गेली होती. क्लिप आणि नळी यांच्यात तांबडी माती साचते, पावसाळाभर ओली राहते, आणि समुद्राकडच्या रस्त्यांवर फिरलेली गाडी असेल तर त्यात मीठही. वरून नळी ठीक दिसत होती. क्लिप काढली तर खाली टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं. गंमत अशी की पेट्रोलचा ना वास, ना डाग. ओढीखालच्या नळीला भोक पडलं की पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणजे जाळी अर्धी बुजलेली आणि त्यात नळी हवा पितेय, असे दोन रोग एकत्र नांदत होते. जाळी साफ केल्यावरही चढावर हलका झटका उरला होता तो यामुळे.

अशा नळीच्या मागच्या टोकाला तुमचा इलेक्ट्रिक पंप बसवला असता तर? ओढीची नळी दाबाची झाली असती. आत हवा घेणाऱ्या त्याच भोकांतून पेट्रोलची पिचकारी उडाली असती, तीही सायलेन्सरच्या पाइपापासून वीतभरावर. 'एका दिवसात काम' झालं असतं हे खरं, पण कोणाचं ते सांगता येत नाही. शिवाय कार्बोरेटरची नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत सोडणारी सुईची झडप) तीन-चार पीएसआयच्या (दाबाचं माप) पुढे दाब धरत नाही. भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळणारा पंप बहुतेक एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीचा असतो, तो चाळीसच्या वर ढकलतो. आणि जुना पंप इंजिन थांबलं की थांबतो. अपघातात गाडी उलटली तर इलेक्ट्रिक पंप बंद करायला वेगळी सोय हवी, जी घाईत कोणीच करत नाही. चांगली नळी, दाब नियंत्रक आणि सुरक्षा रिले यांच्यासकट तुम्ही तो बसवत असाल तर मानतो. पण तुम्ही लिहिलं होतं नुसतं 'पंप बसवा', आणि वाचणाऱ्या पोरांनी नुसता पंपच बसवला असता. बाटलीवरून तुम्ही मला जे ऐकवलंत, ते इथे तुम्हाला परत करतो.

मी पत्र्याची नळी पूर्ण बदलली. रबरी तुकडे जे३० आर९ छापलेले घेतले, इथेनॉल सोसणारे. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी आधी लावली होती. महिन्याभरात ती पिवळी पडून काचेसारखी कडक झाली. तो शहाणपणाही माझाच.

टाकी. मेस्त, हे काम तुम्ही असतात तर दोन दिवसांत केलं असतंत, मला दोन आठवडे लागले. बोल्ट पत्र्याशी एकजीव झालेले, दोन तुटले. आधी पेट्रोल काढून साबणाच्या पाण्याने पाच-सहा वेळा धुतली, कारण गंजाच्या थरात वाफ लपून राहते आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातकी असते. मग मूठभर नटबोल्ट टाकून हलवली. शेजारच्या आजीने विचारलं, शिगमो (आमचा ढोलताशांचा होळीचा सण) आला की काय! नंतर दोन किलो लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरली आणि झाकण सैल ठेवून एक दिवस ठेवली. झाकण घट्ट लावू नये, आत वायू सुटतो. आपल्या घरांत आमसुलाने तांब्याची घागर उजळतात, त्याच जातीचं काम. संडास साफ करायचं अॅसिड एका वाचकाने सुचवलं होतं. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि धुऊन काढलं तरी मागे गंजाचं बी पेरून जातं. लिंबूसत्त्वानंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं, धुतलं, वाळवलं. तरी पावसाळ्याच्या दमट हवेत अर्ध्या तासात आत नारिंगी झाक दिसायला लागली, म्हणून लगेच पातळ तेल फिरवून ठेवलं.

गंज गेल्यावर खरी टाकी दिसली. शिवणीशी तीन भोकं, इतकी वर्षं गंजानेच बुजवलेली. तुम्ही म्हणता तसा डाग मी घरी दिला नाही. मागच्या लेखात माझं वाक्य ढिलं होतं, 'डाग दिला' असं लिहिलं, कोणी दिला ते लिहिलं नाही. रेडिएटरचं काम करणाऱ्या माणसाकडे नेली, त्याने वाफेने धुऊन मग पितळेचा डाग दिला. घरी गॅस आणि टाकी एकत्र आणणाऱ्याला मीही तुमच्याच शब्दांत बोललो असतो. मी घरी लावली होती ती इपॉक्सी पुट्टी, फक्त गाडी हलवण्यापुरती, आणि पेट्रोलमध्ये ती आठवड्यात चिकट झाली. नवी टाकी का नाही घेतली? शोधली, बेळगावपर्यंत. मिळत होती ती एमपीएफआयची, आतल्या पंपासाठी वरून मोठं भोक असलेली. कार्बोरेटरवाली जी एक सापडली तिची अवस्था माझ्यापेक्षा वाईट होती.

ई-२० बद्दल मी लेखात जास्त बोललो, ते मागे घेतो. गंज ई-२० ने धरला नाही. गाडी सहा वर्षं माडांखाली शेडमध्ये होती, टाकी पाव भरलेली, वरच्या रिकाम्या जागेत दर पावसाळ्याला ओली हवा. गंज तिथे धरला. इथेनॉलने दोन गोष्टी केल्या: आतला जुना राळेसारखा थर सोडवला, ज्यात गंज निदान चिकटून तरी बसला होता, आणि जुने रबर फुगवले. २०२२ च्या मध्याला देशात इथेनॉलचं मिश्रण १० टक्क्यांवर पोचलं, २०२५ मध्ये ते २० वर गेलं, आणि माझी गाडी नेमकी त्याच सुमारास झोपेतून उठली. कार्बोरेटरला मिश्रण बदललेलं कळत नाही. पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९. जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचे, म्हणून इंजिन थोडं उपाशी चालतं. एवढी तक्रार शिल्लक ठेवतो.

भंगाराचं म्हणाल तर गाडी २४,००० ला घेतली, इंधनाच्या कामावर ६,८०० गेले. त्यातले २,००० हून जास्त नको असलेला पंप आणि तीनदा आणलेले कार्बोरेटरचे किट यांत. हिशेबाने तुमचंच बरोबर निघेल. पण फरशी आणि चासीचे जोड मी हातोडीने ठोकून तपासलेत. ते सडलेले असते तर टाकीला हातच लावला नसता. चवथीला (गणेश चतुर्थीला) ती गाडी फोंड्याहून वाळपईला मामाकडे गेली आणि परत आली, मागच्या सीटवर माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीचं) सामान घेऊन. फर्मागुढीवर मुद्दाम दोनदा चढवली.

एक काम अजून अडलंय आणि ते तुम्हालाच विचारतो. टाकीवरच्या पेट्रोलच्या गेजच्या प्लेटखालचं जुनं रबरी गॅस्केट फुगून लांब झालंय, परत बसत नाही. कॉर्कचं कापून लावलं तर टाकी काठोकाठ भरल्यावर पाझरतं. तुम्ही काय वापरायचा? शुक्रवारी बाजाराला म्हापशाला येणार आहे, गाडी घेऊनच. वेळ असेल तर कळवा. पाना तुमच्या हातात देतो, खडू माझ्या खिशात असतोच.