‘गोल्ड मेडलिस्ट डॉक्टर म्हणजे नुसता घोकंपट्टीवाला’ या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, मला शाळेच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि मग नातेवाईकांनी ‘हे खरं का?’ म्हणून पर्सनलवर पाठवला. त्यात काय म्हटलंय ते थोडक्यात सांगतो. एमडी, एमएस किंवा डीएनबी (एमबीबीएसनंतरच्या स्पेशालिस्टच्या डिग्र्या, डीएनबी ही नॅशनल बोर्डाची) यांत गोल्ड मेडल मिळवलेला डॉक्टर म्हणजे घोकंपट्टी करणारा. मेडल आपल्याच कॉलेजचे सर आपल्या लाडक्या विद्यार्थ्याला देतात. डीएनबीचं मेडल तर प्रायव्हेट हॉस्पिटलवाल्यांचं, त्याला काही किंमत नाही. परीक्षेचे मार्क आणि पेशंट बरा होणं यांचा काडीचा संबंध नाही, खरा डॉक्टर मागच्या बाकावरचाच. परदेशात असलं काही नसतं. आणि शेवटी सल्ला, ‘गोल्ड मेडलिस्ट असा बोर्ड दिसला की दुसरीकडे जा’.

मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं रेसिडेंट, म्हणजे हॉस्पिटलात काम करत स्पेशालिस्ट होण्यासाठी शिकणाऱ्या, मुलामुलींना शिकवतोय. मला स्वतःला मेडल मिळालेलं नाही, त्यामुळे स्वतःची बाजू सांभाळायला लिहितोय असं समजू नका. पण दरवर्षी एक्झाम-गोइंग मुलं डोळ्यासमोर असतात, दिवसा ऑपरेशन थिएटर, रात्री इमर्जन्सी, मधल्या वेळात थिसिस आणि पहाटे अभ्यास. त्यातून एखाद्या पोरीने आख्ख्या राज्यात किंवा देशात पहिला नंबर काढला, तर तिला ‘रट्टा मारणारी’ म्हणायचं आणि वर पेशंटला तिच्यापासून लांब राहा म्हणायचं, हे मला पटत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

घोकंपट्टी. हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, कारण आपल्याला परीक्षा म्हटलं की दहावी-बारावी आठवते. पाठांतर लागतं हे खरंच आहे, लेखीचे चार पेपर असतात, प्रत्येक १०० मार्कांचा, तीन-तीन तास, आणि पाठ असल्याशिवाय तिथे काही चालत नाही. पण मला सांगा, औषधाचा डोस पाठ नसलेला डॉक्टर तुम्हाला चालेल का? रात्री दोन वाजता बाळाचं हृदय थांबलंय आणि ॲड्रेनलिन किती द्यायचं ते पुस्तकात बघून सांगतो म्हणणारा?

आणि लेखी ही अर्धीच गोष्ट आहे. प्रॅक्टिकलला काय होतं ते सांगतो, माझ्याच विषयातलं. लाँग केस म्हणून समोर खरा पेशंट देतात. समजा नऊ महिन्यांची गरोदर बाई आहे, तिला मायट्रल स्टेनोसिस आहे, म्हणजे हृदयाची एक झडप आकसलेली, आपल्याकडे हे बहुतेक वेळा लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक फीव्हरमुळे होतं. निदान कुणी कानात सांगत नाही, मुलाने हिस्ट्री घ्यायची, नाडी बघायची, स्टेथोस्कोप लावून मर्मर (झडपेचा बिघडलेला आवाज) ऐकायचा आणि मग परीक्षकांसमोर उभं राहून केस मांडायची. मग प्रश्न सुरू होतात. हिला सिझेरियनला घेतली तर भूल कशी देशील? नाडी १२० झाली तर काय बिघडतं? (अरुंद झडपेतून रक्त पुढे जायला वेळ लागतो, ठोके वाढले की तो वेळच मिळत नाही.) इथपर्यंत पाठांतरवाला येतो. मग परीक्षक म्हणतात, ठीक आहे, बाळ बाहेर आलं, आता सगळ्यात मोठा धोका कधी? तर आत्ताच, कारण गर्भाशय आकसतं आणि त्यातलं रक्त एकदम अंगात परत येतं, झडप तर तेवढीच अरुंद, फुप्फुसात पाणी भरू शकतं. ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवून रक्तस्राव थांबवणारं औषध) कसं देणार? एकदम दिलंस तर बीपी पडेल, नाडी धावेल, मग हळूहळू द्यावं लागेल, पण रक्तस्राव थांबत नसेल तर? आणि तुझ्या हॉस्पिटलात आयसीयूचा बेड रिकामा नाहीये, आता?

इथे प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो आणि परीक्षक मुद्दाम तुम्हाला पुस्तकाच्या बाहेर नेतात. जो मुलगा अशा बाईच्या शेजारी रात्रभर उभा राहिलाय तो शेवटपर्यंत टिकतो, बाकीचे मध्येच गप्प होतात. त्यानंतर टेबलं वेगळीच, ईसीजी, एक्स-रे, औषधं, मशीन, व्हेंटिलेटर, आणि श्वासनळीत नळी जात नसेल तर आता काय करणार ते पुतळ्यावर करून दाखव. पहिला येणारा या सगळ्यात पहिला आलेला असतो. याला घोकंपट्टी म्हणणाऱ्याने एकदा तरी कुणा रेसिडेंटला विचारून बघावं.

आपलेच सर आपल्या लाडक्याला देतात. यात थोडं तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकलला इंटर्नल, म्हणजे त्याच कॉलेजचे, परीक्षक असतात, ते मुलांना तीन वर्षं ओळखतात, आणि माणूस म्हटलं की पूर्वग्रह आला, चांगलाही आणि वाईटही. पण पुढचं फॉरवर्डमध्ये नाहीये. २००० सालच्या पीजी (एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाच्या) रेग्युलेशनप्रमाणे चार परीक्षकांपैकी दोन एक्स्टर्नल आणि तेही राज्याबाहेरच्या युनिव्हर्सिटीतले बोलवायचे असा नियम होता, आज बोर्ड लावून बसलेले बहुतेक गोल्ड मेडलिस्ट त्याच नियमांखाली पास झालेले आहेत. लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळे ५० टक्के लागायचे, एकाचे मार्क दुसऱ्यात ढकलून चालायचं नाही. आणि आपल्या महाराष्ट्रात नाशिकची आरोग्य विज्ञान युनिव्हर्सिटी १९९८ पासून आहे, तिच्याशी जोडलेल्या सगळ्या कॉलेजांना पेपर एकच. म्हणजे युनिव्हर्सिटीचं मेडल हवं असेल तर मुंबई, नागपूर, मिरज, संभाजीनगर सगळीकडच्या मुलांच्या पुढे जावं लागतं, एका एचओडीच्या (विभागप्रमुखाच्या) मर्जीने ते होत नाही. कॉलेजपुरतं मेडल वेगळं आणि युनिव्हर्सिटीचं वेगळं, हा फरक फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीतच नसावा.

डीएनबीला किंमत नाही. याचा मला खरंच राग येतो, कारण हे ऐकून पेशंट माझ्या तोंडावर विचारतात, ‘ती मॅडम एमडी नाही ना, डीएनबी आहे ना?’ नॅशनल बोर्ड १९७५ साली सुरू झालं आणि १९८२ पासून केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाखाली स्वायत्त संस्था म्हणून चालतंय. प्रवेश त्याच नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतून होतो जी एमडी-एमएसवाले देतात. हॉस्पिटलं फक्त कॉर्पोरेट नाहीत, डीएनबी मुंबई महापालिकेच्या उपनगरातल्या हॉस्पिटलांत आहे, रेल्वेच्या हॉस्पिटलात आहे, जिल्हा रुग्णालयांत आहे. परीक्षेचं म्हणाल तर आधी लेखी पास व्हा तर पुढे प्रॅक्टिकल, आणि प्रॅक्टिकलचं सेंटर बोर्ड ठरवतं, मुलाला निवडता येत नाही. पुण्याची मुलगी परराज्यातल्या अनोळखी हॉस्पिटलात जाते, तिथला पेशंट अनोळखी, परीक्षक अनोळखी, कधीकधी पेशंटची भाषासुद्धा अनोळखी, आणि तिथे उभं राहून केस मांडते. मग ‘आपल्याच सरांनी दिलं’ आणि ‘डीएनबीला किंमत नाही’ हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? डीएनबीचं मेडल म्हणजे त्या विषयात देशभरातून पहिला नंबर.

बरोबरीचा प्रश्न कायद्यानेही मिटवलेला आहे. ५०० किंवा जास्त खाटांच्या हॉस्पिटलातली डीएनबी सगळ्या बाबतींत एमडी-एमएसच्या बरोबरीची, आणि त्याहून लहान हॉस्पिटलातून केली असेल तर मेडिकल कॉलेजात शिकवायच्या नोकरीसाठी एक वर्ष सिनिअर रेसिडेन्सी (डिग्रीनंतरची मेडिकल कॉलेजातली नोकरी) जास्तीची करावी लागते. हा फरक शिकवण्यापुरता. तुमच्यावर उपचार करण्यात काही फरक नाही.

मार्कांचा आणि पेशंटचा संबंध नाही. हे वाक्य इतक्या लोकांनी इतक्या वेळा म्हटलंय की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. पण तपासलं गेलंय. २०२४ साली अमेरिकेत जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला, मेडिसिनची रेसिडेन्सी नुकतीच संपवून हॉस्पिटलात काम करणारे जवळजवळ ६,९०० डॉक्टर आणि त्यांनी बघितलेले साडेचार लाखांहून जास्त ॲडमिशन, सगळे वयस्कर पेशंट. रेसिडेन्सीनंतरच्या बोर्ड परीक्षेत ज्यांचे मार्क वरच्या पाव गटात होते त्यांच्या पेशंटमध्ये ॲडमिट झाल्यापासून सात दिवसांत मृत्यूचं प्रमाण खालच्या पाव गटाच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतं, आणि सात दिवसांत पुन्हा ॲडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी कमी. (हे तुलनेतलं प्रमाण आहे, शंभरातले आठ जण वाचले असा अर्थ घेऊ नका.) त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की रेसिडेन्सीत सीनियर लोकांनी मुलांना जे शेरे दिले होते, ‘हा तयार आहे, हा नाही’ वगैरे, त्यांचा पेशंटच्या निकालाशी असा संबंध सापडला नाही. म्हणजे आपण ज्याला ‘सरांना माहीत असतं कोण चांगला’ म्हणतो त्यापेक्षा परीक्षा जास्त काही सांगून गेली.

इंग्लंडमध्ये २०१८ साली असंच बघितलं गेलं, तिथल्या एमआरसीपी (फिजिशियनची) आणि एमआरसीजीपी (फॅमिली डॉक्टरची) या ट्रेनिंगमधल्या परीक्षांत ज्यांना कमी मार्क होते त्यांच्यावर पुढे मेडिकल कौन्सिलची कारवाई होण्याची शक्यता जास्त निघाली. कॅनडात तर २००७ साली दिसलं की क्लिनिकल परीक्षेत पेशंटशी बोलण्याचे मार्क ज्यांना कमी पडले त्यांच्याविरुद्ध नंतरच्या वर्षांत तक्रारी जास्त आल्या.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर यातला एकही अभ्यास गोल्ड मेडलिस्टवर नाहीये आणि भारतातला नाहीये. पहिला आलेला आणि पाचवा आलेला यांच्यात पेशंटच्या दृष्टीने फरक असतो असं मी म्हणणार नाही, एक-दोन मार्कांनी मेडल जातं, त्या दिवशी मिळालेली केससुद्धा नशिबाचा भाग असते. पण ‘काडीचा संबंध नाही’ हे साफ चूक आहे. संबंध आहे, आणि तो जिवाशी आहे.

मागच्या बाकावरचा हुशार सर्जन आपण सगळ्यांनी बघितलाय, मीही बघितलाय, त्याच्यासोबत काम केलंय आणि त्याचा हात बघून थक्क झालोय. जनरल सर्जरीच्या परीक्षेत परीक्षकांसमोर जिवंत पेशंटचं ऑपरेशन करून दाखवावं लागत नाही, त्यामुळे हात किती साफ आहे हे मेडलवरून कळत नाही, हे मान्य. पण त्या एका सर्जनवरून मागच्या बाकावरचे सगळेच तसे असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण जे चुकले त्यांच्या गोष्टी कुणी कौतुकाने सांगत नाही. आणि पीजीत बसलेला मागच्या बाकावरचासुद्धा एमबीबीएस आणि नीट-पीजी पार करून आलेला असतो, तो काही अभ्यास न करता तिथे पोचलेला नसतो.

परदेशात असलं नसतं. असतं, आणि अभिमानाने असतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सच्या पहिल्या परीक्षेत उत्तम कामगिरीला नफिल्ड प्राइझ आहे आणि शेवटच्या परीक्षेला मॅकिंटॉश प्राइझ. हा मॅकिंटॉश म्हणजे न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, १९३७ साली ऑक्सफर्डला भूलशास्त्राचा पहिला प्रोफेसर झालेला, आणि ती खुर्ची ज्या मोटार कारखानदाराच्या पैशातून निघाली तो लॉर्ड नफिल्ड. श्वासनळीत नळी घालताना जीभ बाजूला करायचं वाकडं पातं मॅकिंटॉशने १९४३ साली आणलं, ते आज आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्येही रोज वापरलं जातं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या भूलतज्ज्ञांच्या कॉलेजात पहिल्या परीक्षेला रेंटन प्राइझ आणि शेवटच्या परीक्षेला सेसिल ग्रे प्राइझ आहे. हा ग्रे लिव्हरपूलचा, १९४६ साली क्युरारे (स्नायू ढिले करणारं औषध) वापरून भूल देण्याची पद्धत त्याने मांडली आणि त्यानंतर पेशंटला कमी गुंगीत ठेवूनही पोटाची मोठी ऑपरेशनं करता यायला लागली. तिकडे ट्रेनिंगमधल्या मुलांची बक्षिसं अशा माणसांच्या नावाने आहेत.

राहिला दवाखान्याबाहेरच्या बोर्डाचा मुद्दा, आणि इथे मी फॉरवर्डवाल्याशी अर्धा सहमत आहे. बोर्डावर नुसतं ‘गोल्ड मेडलिस्ट’ लिहिलेलं असतं तेव्हा ते एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात एखाद्या विषयात मिळालेलं कॉलेजचं मेडल असू शकतं आणि आज तो डॉक्टर वेगळ्याच विषयात प्रॅक्टिस करत असू शकतो. पण त्यावर उपाय पळून जाणं नाही, विचारणं आहे. डॉक्टर, मेडल कुठल्या विषयात, कॉलेजचं की युनिव्हर्सिटीचं की नॅशनल बोर्डाचं, आणि कुठल्या साली? ज्याने खरं कमावलंय तो आनंदाने सांगतो. रजिस्ट्रेशन नंबर बोर्डावर असायलाच हवा, आणि तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो, डिग्री त्यातच दिसते. तुमच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आला असेल तर निदान डीएनबीचा मुद्दा तरी तिथे दुरुस्त करा, कारण त्या ग्रुपमध्ये कुणाची तरी मुलगी आत्ता डीएनबी करत असेल.