टॉवेलच्या कारखान्याला ऑन्टॉलॉजी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ४० मागांच्या टॉवेल कारखान्याला टॅली आणि एक्सेल पुरतं, ऑन्टॉलॉजी (कारखान्यातल्या गोष्टी, त्यांचे गुणधर्म, नाती आणि नियम संगणकाला कळतील असे मांडणं) हे कन्सल्टंट लोकांचं खूळ. निम्मं मान्य. ७५ बाय १५० सेंमीचा, ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल म्हणजे साधारण ५०६ ग्रॅम. हजार नगांना ५०६ किलो, वर वेस्टेज. हा हिशोब एक्सेलमध्येच ठेवावा. ओडब्ल्यूएल (ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा) आकडेमोडीला कच्चंच आहे.

पण ऐन ऑर्डरीत पाइलचं (टॉवेलवरच्या फासांचं) २/२० सूत संपलं आणि गोदामात १० सिंगल, म्हणजे दहा नंबरचं एकेरी सूत, पडून आहे, तर? एक्सेलच्या लेखी ही दोन वेगळी नावं, विषय संपला. जुना जॉबर (मागांवरचा मुकादम) सांगेल: वीस नंबरचे (नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक) दोन धागे पिळले की जाडी दहा नंबरचीच येते, पण पाइल तशी दिसणार नाही, शिवाय रंगाचा लॉट बदलला तर शेड फुटेल. ऑन्टॉलॉजीत नंबर, प्लाय (किती धागे पिळले), लॉट हे वेगळे गुणधर्म होतात. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला बदल चालतो, हा नियम एकदाच लिहायचा. मग मॅनेजरला 'नाही' सोबत 'का नाही' हेही दिसतं.

खरी मेख तुम्ही विचारलीच नाहीत. ओडब्ल्यूएल नोंद नसलेल्या गोष्टीला 'नाही' म्हणत नाही, 'माहीत नाही' म्हणतं. 'रंग-तपासणीत नापास तो लॉट बाद' एवढाच नियम लिहिला, तर तपासणीच न झालेला लॉट बाद ठरत नाही. वरून क्वेरीत 'बाद नसलेले सगळे' मागितले की तोही यादीत येतो, आणि धुलाईनंतर गिऱ्हाइकाचा फोन. उपाय म्हणजे शॅकल (SHACL), डेटा अटींवर तपासायची भाषा. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ साली मान्य केलेल्या या मानकात 'प्रत्येक लॉटला किमान एक तपासणी-नोंद' अशी अट घालता येते. नोंद नसली की लॉट तिथेच पकडला जातो.

करून बघायचं असेल तर आधी मॅनेजर आठवडाभर जे प्रश्न विचारतो त्यातले दहा-बारा लिहून काढा. त्यांना लागतील तेवढेच क्लास (गोष्टींचे प्रकार) प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवा; ते फुकट आहे. अख्खा कारखाना मांडायला बसलात तर पहिला प्रश्नही सुटणार नाही. टॅलीतला डेटा हलवू नका, नुसता जोडा. आणि एकच क्वालिटी, एकच व्यापारी असेल, तर तुमचंच खरं: एक्सेल बास.