मोठी पिन काढा म्हणणाऱ्या साहेबांना

अ‍ॅम्प्लिफायरच्या माझ्या लेखाखाली (प्लगची मोठी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढू नका असं त्यात लिहिलं होतं) आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: "नेटवर वाचून ज्ञान पाजळू नका. हम आला की अ‍ॅम्पची मोठी पिन काढायची, २० वर्षं हेच करतोय, कुणी मेलं नाही. दीडच्या वायरवर दोन बेस चालवून दाखवा. आणि जनरेटरवर अर्थिंग कुठून आणता तेही लिहा."

नाव घातलेलं नाही, म्हणून साहेब म्हणतो. (हम म्हणजे स्पीकरच्या बॉक्समधून येणारी घूंऽऽ, बेस म्हणजे जड आवाजाचे मोठे स्पीकर.)

साहेब, चूक दाखवायला माझी ना नाही. पण 'पाजळू नका' ही काय भाषा झाली? समोर बसून चहा पिताना असं बोलला असतात का? बाबांच्या वेळचे भोंगे मी आंब्यावर चढून बांधलेत, दशावताराला रात्र रात्र माईकच्या वायरी सांभाळल्यात. तुमची २० वर्षं, तर माझी २७. हे मोजून दाखवायची वेळ आणलीत, त्याचंच वाईट वाटतं.

दीडच्या वायरचं मात्र मान्य. ५० मीटरच्या एक्स्टेन्शनला दीड स्क्वेअर एमएम लिहिलं, तिथे अडीच हवं होतं. १० अँपिअर खेचले तर दीडच्यात १२ व्होल्ट वाटेतच जातात, अडीचच्यात साडेसातच्या आत. आमच्या वाडीत संध्याकाळी २३० चे १९० झालेले असतात, तिथे हे १२ परवडत नाहीत. दुरुस्त केलंय.

आता 'कुणी मेलं नाही'.

हम येतो कशाने? मिक्सर (सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणारा) मंडपातल्या बोर्डावर, अ‍ॅम्प देवळातल्या. दोन्हीकडून अर्थ आला आणि मधे सिग्नलच्या वायरीचं शील्ड, म्हणजे तिच्यावरची तारेची जाळी. त्या फेऱ्यात ५० हर्ट्झचा करंट फिरतो आणि बॉक्समधून घूंऽऽ सुरू होतं. पिन काढली की फेरा तुटतो, हम जातो. अगदी बरोबर. पण अ‍ॅम्पच्या पत्र्याचा जमिनीशी असलेला संबंधही तुटतो. उद्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर त्या २३० व्होल्टना वाट उरते ती शील्डमधून मिक्सरकडे. मिक्सरचीही पिन उडवलेली असेल (तुमची असेलच), तर थेट माईकच्या बॉडीवर. तिथे भजन म्हणणाऱ्या बुवांचे ओठ, खाली पावसाने ओलं अंगण आणि पाय अनवाणी.

रंगवून सांगत नाही. वेंगुर्ल्याकडच्या एका देवळात, भाद्रपदात, डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) होती. बुवांनी गजर उचलला, माईकला ओठ लागला आणि ते मागे पखवाजावर कोसळले. वाचले. पण चार दिवस धड जेवता येईना. त्या अ‍ॅम्पची पिन आदल्याच रात्री मी पक्कडीने मोडली होती, हम जाईना म्हणून. तोवर माझंही 'कुणी मेलं नाही' हेच चाललं होतं.

बरं, पिन ठेवली की काम झालं, असंही मी म्हटलेलं नाही. आपल्याकडे जांभ्याचा कातळ, शिमग्याला कोरडा ठणठणीत. कोळसा-मीठ घालून खड्डा भरूनही अर्थचा रेझिस्टन्स २० ओहम राहिला, तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की पडणारा स्विच, ढिम्म हलत नाही. म्हणून तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीकडे एवढासा करंट गळला तरी लाइट तोडणारा स्विच) लावा, असं लेखात लिहिलं होतं. ते वाचलंत, की पिनेचं नाव दिसल्याबरोबर टाइप करायला बसलात?

हम घालवायचाय ना? मिक्सर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिला तर बॅलन्स्ड वायरीचं (आत सिग्नलच्या दोन तारा, वर वेगळं शील्ड) शील्ड अ‍ॅम्पकडच्या टोकाला न जोडता सोडा, नाहीतर सिग्नलला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, म्हणजे तारा न जोडता आवाज पलीकडे जातो. पक्कड पेटीत राहू द्या.

जनरेटरचं नंतर कधीतरी. या सुरात विचारलेल्या प्रश्नाला आज उत्तर द्यायची इच्छा नाही.

तोवर एक करा. पिन काढलेला तुमचा अ‍ॅम्प चालू करा आणि पत्र्याला टेस्टर लावा. आत स्विचिंग सप्लाय (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी हलकं इलेक्ट्रॉनिक सर्किट) असेल तर काहीही बिघडलेलं नसताना, नुसत्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणाऱ्या व्होल्टेजवर तो पेटेल. पेटला तर फोटो इथेच टाका. आणि या वेळी खाली नाव घाला.