साडेपाच हजार यार्डांचा कोर्स आणि माझी आई

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

कॉलेजचा जुना मित्र पुण्याहून कामासाठी एडिंबऱ्याला आलाय. शनिवार मोकळा होता, म्हणून मी मोठ्या हौसेने किल्सपिंडीला गोल्फ खेळायची वेळ घेतली. ॲबरलेडीच्या खाडीकाठचा कोर्स, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला आखूड कोवळं गवत. याने फोनवर स्कोअरकार्ड बघितलं आणि हसला. "साडेपाच हजार यार्ड? अरे, हा लेडीज कोर्स झाला. सात हजारांच्या वरचा खरा कोर्स दाखव की!"

एका वाक्यात कोर्सचाही अपमान आणि बायकांचाही. पाहुणा आहे म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

लांबीवरून कोर्सची प्रत ठरते हे कुणी सांगितलं? जिला जग 'ओपन' म्हणतं ती ब्रिटिश गोल्फ स्पर्धा 1860 मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला सुरू झाली, तेव्हा तिथे होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचे टप्पे, होती फक्त 12. एका दिवसात तीन फेऱ्या मारून 36 होल पुरी केली लोकांनी. इथून जवळच मसलबऱ्याचं जुनं मैदान आहे, घोड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकच्या आत, अवघी नऊ होल. 1874 ते 1889 या काळात सहा ओपन तिथे झाल्या. आज जगात कुठल्याही ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या सपाट पट्ट्यावर, सव्वाचार इंची भोक दिसतं ना, ते माप मसलबऱ्याच्या भोक पाडायच्या हत्याराचं. तेच पुढे 1891 मध्ये गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड एने नियमात घेतलं. म्हणजे सात हजार यार्डांच्या कोर्सवर तू शेवटी चेंडू टाकतोस तो या नऊ होलांच्या मैदानाने ठरवलेल्या भोकात.

आई इथे आली होती तेव्हा 68 वर्षांची होती. सांगलीहून पहिल्यांदाच एवढ्या लांब. जून महिना, रात्री दहाला उजेड, त्यामुळे तिला झोपच येईना. एक दिवस तिला आणि माझ्या मुलीला घेऊन नॉर्थ बेरिकला गेलो. वेव्हर्ली स्टेशनवरून अर्ध्या तासाची रेल्वे. तिथे प्रसिद्ध वेस्ट लिंक्स कोर्सच्या शेजारी लहान मुलांसाठी नऊ होलांचा एक छोटा कोर्स आहे, 1888 पासूनचा. मोठ्या माणसाला तिथे एकट्याने खेळता येत नाही, सोबत मूल लागतं. मी हा नियम सांगितला तशी मुलीने आजीचा हात धरला आणि ओढतच पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, नेलं. आई म्हणाली, "म्हणजे आज हिनं मला आणलं म्हणायचं!"

पातळ नेसलेलं, वरून माझं जॅकेट, पायात कॅनव्हासचे बूट. मुलीचाच आखूड क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, तिने घेतला. हात लहानपणी मिरजेत विटीदांडू खेळलेले. तिने चेंडू हवेत उडवायचा विचारही केला नाही. वाकून जमिनीकडे बघितलं, उतार कुठे जातोय ते बघितलं आणि चेंडू गवतालगत सरकवला. तो घरंगळत उजवीकडे वळला, एका उंचवट्याला वळसा घालून ग्रीनच्या कडेला जाऊन थांबला. नातीचा उंच गेलेला चेंडू तोवर वाऱ्याने भलतीकडे नेला होता.

लिंक्सवर, म्हणजे अशा समुद्रकाठच्या कोर्सवर, माणसं वर्षानुवर्षं खेळून जे शिकतात, ते आईने न सांगता केलं. वारा असेल तर चेंडू खाली ठेव. जमीन तुझं काम करते. छोट्या कोर्सची सगळी गंमत यात आहे. अंतराच्या जोरावर तो तुम्हाला अडवत नाही. तो उतार ठेवतो, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, नेमक्या जागी ठेवतो, ग्रीन तळहाताएवढं करतो आणि म्हणतो, आता विचार कर.

स्कॉटलंडमधल्याच रॉयल ट्रून कोर्सचं आठवं होल बघा. 123 यार्ड! ग्रीन एवढंसं की त्याचं नावच 'पोस्टेज स्टॅम्प' पडलं. 1950 च्या ओपनमध्ये हर्मन टिसिस नावाच्या जर्मन हौशी खेळाडूने तिथे 15 फटके घेतले. आणि 1973 मध्ये 71 वर्षांच्या जीन सॅराझेनने पाच नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबने) एका फटक्यात चेंडू भोकात घातला. दुसऱ्या दिवशी त्याच होलला बंकरमधून दोनात. दोन्ही दिवस तिथे पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायचा क्लब, हातात घ्यावाच लागला नाही! 71 व्या वर्षी! पाचशे यार्डांच्या होलवर कुठला म्हातारा माणूस तरण्याताठ्या पोरांसमोर असा उभा राहील?

होय, मान्य, आजचे व्यावसायिक खेळाडू वारा नसेल तर छोट्या कोर्सचा फडशा पाडतात. पण मग 2013 ची यूएस ओपन आठवा. अमेरिकेतला मेरियन कोर्स, अशा स्पर्धेच्या मानाने आखूडच, सात हजार यार्डांना चार यार्ड कमी, सगळा कोर्स सव्वाशे एकरांच्या आसपास. काठीवर झेंडाही नाही, वेताची टोपली, त्यामुळे ग्रीनवर वारा कुठला हेही कळत नाही. तेरावं होल जेमतेम 115 यार्डांचं. जस्टिन रोज जिंकला तो पारच्या, म्हणजे कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांच्या, एक वर. एकालाही पारच्या खाली राहता आलं नाही. गवत मुद्दाम वाढवलं होतं म्हणाल, तर हो, वाढवलं होतं. तरीही.

आणि यार्डांची ही हाव थांबणार कुठे? चेंडू इतके लांब जायला लागले की डिसेंबर 2023 मध्ये आर अँड ए आणि अमेरिकेची नियामक संस्था यूएसजीए यांना चेंडूचीच चाचणी कडक करायचं जाहीर करावं लागलं. तोवर जमीन घेत सुटायचं! आपल्याकडे तर त्यात बंगल्यांची स्कीम आली. मित्राने मला ब्रोशर दाखवलं, अभिमानाने. सात हजार चारशे यार्ड, मधे तळी, चहूबाजूंनी व्हिला. एप्रिलमध्ये शेजारच्या गावात टँकर येतो आणि इथे फेअरवेचं गवत हिरवंगार. त्यात गेट, वॉचमन, इलेक्ट्रिक गाडी. एका फेरीला पाच तास. माझ्या आईला त्या गेटातून आत कोण सोडणार होतं? सात हजार चारशे यार्डांवर तिने करायचं काय होतं?

मित्राचा राग नाही खरं तर. त्याने गोल्फ पाहिलाच तसा. कंपनीच्या पैशाने, गाडीत बसून. चालत, एका खांद्यावर सहा-सात क्लबांची पिशवी घेऊन, अडीच तासांत फेरी संपवून घरी जेवायला जाणारी माणसं त्याला दिसलीच नाहीत. इथे ती रोज दिसतात. शिक्षक, बस ड्रायव्हर, निवृत्त नर्स. माझ्या घरापासून चालत अंतरावर ब्रंट्सफील्ड लिंक्स आहे, भर शहरातली सार्वजनिक बाग. उन्हाळ्यात तिथे छोट्या होलांचा कोर्स असतो. पैसे लागत नाहीत. आपले क्लब घेऊन जायचं आणि खेळायचं. नॉर्थ बेरिकनंतर आई रोज संध्याकाळी तयार होऊन बसायची, चहाचा कप धुऊन, बूट घालून. नात शाळेतून आली की दोघी निघाल्या.

परत जायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "सांगलीला असलं का नाही रे करत कुणी?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागलाय. खरंच का नाही? साठ ते शंभर यार्डांची नऊ होल आठ-दहा एकरांत बसतात. हिरव्या ग्रीनचा हट्ट कशाला? आपल्याकडे लष्कराच्या कितीतरी जुन्या कोर्सवर तेल मिसळलेल्या वाळूचे 'ब्राऊन' असायचे, त्यांना पाणी लागत नाही. बाकी मैदान पावसाळ्यात हिरवं, उन्हाळ्यात पिवळं, जसं असेल तसं. सकाळी म्हातारी माणसं, संध्याकाळी शाळेतली पोरं. क्लब सेकंडहँड चालतील, इथल्या धर्मादाय दुकानांत ते अगदी स्वस्तात मिळतात, मी पाठवतो.

सांगली-मिरजेत महापालिकेत किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेत कुणाची ओळख असेल आणि पडीक जागा माहीत असेल तर मेसेज करा. नऊ होलांचा आराखडा मी काढून ठेवलाय. डिसेंबरात येतोय तेव्हा जागा बघायला येईन. आईसुद्धा येणार आहे.